रिपोर्ट नॉर्मल आलाय, तरी धास्ती का जात नाही?

मागच्या अंकात झोपेवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की रात्री दोन वाजता उठून स्वतःची नाडी मोजत बसणाऱ्यांनीसुद्धा लिहा बरं का. मला वाटलं दोनचार जण लिहितील. एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. पाच पत्रं घेतलीत, छोटी करून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांचा, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला आहे. मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या लाइनवरचा माझ्याच वयाचा मित्र अटॅकने गेला, सकाळी चहा बरोबर प्यायलो होतो. तेव्हापासून माझं चालू झालं. आत्तापर्यंत पाच ईसीजी, दोन टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी), एक टीएमटी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. रिपोर्ट आला की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत डाव्या हातात ओढल्यासारखं होतं. रात्री मानेवर बोट ठेवून झोपतो, स्मार्टवॉचमध्ये सारखे ठोके बघतो. दर रविवारी पांडवलेणी चढायचो ते बंद केलं. बायको म्हणते नसतं खूळ डोक्यात घेतलंय. एकदाच अँजिओग्राफी करून काय तो सोक्षमोक्ष लावावा का? की मला वेड लागतंय?

उत्तर : दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. वेड लागत नाहीये. आणि खूळही नाहीये, वहिनींना माझ्यातर्फे हे वाचून दाखवा. तुमच्या हातात जे ओढल्यासारखं होतं ते खरंच होतं, छातीत धडधडतं ते खरंच धडधडतं, तुम्ही काही मनाने रचून सांगत नाही. माणूस घाबरला की अंगात ॲड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, छातीचे आणि खांद्याचे स्नायू आवळले जातात, श्वास वरवरचा आणि भराभर व्हायला लागतो, आणि असा भराभर श्वास घेतला की हातापायाला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग ते जाणवलं की अजून भीती. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटणं हे तर धडधाकट माणसांनाही होतं, फक्त त्यांचं तिकडे लक्ष नसतं, आणि तुमचं सगळं लक्षच तिथे बसलेलं आहे.

लक्षाची ताकद बघायची असेल तर एक आठवून बघा. शाळेतून पोरगं उवा घेऊन आलंय असं एकदा कळलं की घरातल्या सगळ्यांची डोकी खाजायला लागतात, आजीचं, बाबांचं, ज्यांच्या डोक्यावर धड केसही राहिले नाहीत त्यांचंही. खाज खोटी नसते हो, नखं लावून खाजवतो आपण. पण ऊ नसते. तुमच्या हाताचं तसं आहे.

आता हे मी कशाच्या जोरावर म्हणते तर तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय म्हणून. टीएमटी म्हणजे तुम्हाला मशीनवर पळवून, ठोके मुद्दाम वाढवून हृदय बघितलंय. ज्यांनी काहीच तपासलेलं नाही त्यांनी हे वाचून स्वतःच ठरवू नये की आपलं नुसतं टेन्शन आहे. एकदा नीट तपासणी झालीच पाहिजे. पण ती तुमची झालीये, आणि एकदा नाही तर आठ वेळा झालीये.

मग दोन दिवसांनी परत का होतं? कारण रिपोर्ट त्या दिवसाचं सांगतो, आणि मन विचारतं की त्यानंतर काही झालं असेल तर? मशीन बिघडलेलं असेल तर? डॉक्टरांनी नीट बघितलंच नसेल तर? तुम्हाला हवी आहे खात्री, ती पण शंभर टक्के, आणि तशी खात्री जगात कुठलाच डॉक्टर कुणालाच देऊ शकत नाही, मलाही नाही आणि तुमच्या शेजारच्या मशीनवर मजेत शिट्टी वाजवत काम करणाऱ्यालाही नाही. तो त्या खात्रीशिवाय जगतोय एवढाच फरक आहे. म्हणून अँजिओग्राफीचं उत्तर नाही असंच आहे, निदान भीती घालवण्यासाठी तरी नाही. मनगटातून किंवा जांघेतून नळी थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेऊन औषध सोडतात, त्यात थोडी का होईना जोखीम असते, ती हृदयाच्या डॉक्टरांना तपासणीत कारण दिसलं तर करतात. आणि समजा केलीच आणि ब्लॉक नाहीत असं आलं तर आठवडाभर बरं जाईल आणि मग मन म्हणेल ब्लॉक नाहीत पण ठोक्यांचं काय, डोक्यातल्या नसेचं काय. सोक्षमोक्ष लागत नाही हो, नुसता पत्ता बदलतो.

एक गोष्ट मला तुमच्या मूळ पत्रात फार टोचली. चार पानी पत्र आहे आणि त्यात गेलेल्या मित्राबद्दल फक्त दीड ओळ आहे, बाकी सगळं ईसीजी. तुम्ही सकाळी त्याच्याबरोबर चहा प्यायलात आणि संध्याकाळी तो नव्हता. त्याच्यासाठी तुम्ही रडलात का? त्याच्या घरी दहाव्यानंतर परत गेलात का? मला वाटतं जावं. त्याच्या आईसमोर, बायकोसमोर बसावं, त्याच्याबद्दल बोलावं. ही भीती आहे त्याच्यात बरंचसं न झालेलं दुःखही आहे असं माझं मत आहे, आणि दुःखाला टू डी इको नसतो.

आता करायचं काय. डॉक्टर एकच ठेवा, तुमच्या ओळखीचा फॅमिली डॉक्टर असेल तर उत्तम, आणि त्यांना स्पष्ट सांगा की मला आजाराची भीती बसलीये आणि मी सारख्या तपासण्या करतोय. हे सांगायला लाज वाटते हे मला माहितीये, पण त्यांना कळल्याशिवाय ते तरी काय करणार, तुम्ही प्रत्येक वेळी नवीन दवाखान्यात नवीन माणूस म्हणून जाता आणि तो बिचारा परत पहिल्यापासून ईसीजी काढतो. त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या की काय झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. साधारण ते असं लिहितील की छातीत दाब किंवा आवळल्यासारखं होऊन काही मिनिटांत थांबत नाही, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जातं, बरोबर दरदरून घाम किंवा दम लागतो, तर १०८ ला फोन. तसं झालं तर मनाचे खेळ असतील म्हणून बसायचं नाही, जायचं. पण त्या कागदात नाही ते गुगलवर शोधायचंही नाही. तो कागद घडी करून पाकिटात ठेवा आणि उगाच उघडून बघत बसू नका.

घड्याळ रात्री काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवात एवढीच. बसल्याजागी ६० ते १०० ठोके हे नॉर्मल आहेत आणि जिना चढल्यावर १२०, १३० होणं हेही नॉर्मल आहे, हृदयाचं कामच ते आहे. मानेवर बोट किती वेळा जातं ते कागदावर रेघा मारून मोजा, थांबवायचं नाही अजून, फक्त मोजा, पहिल्या दिवशीचा आकडा बघून तुम्हालाच धक्का बसेल. मग प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून मग बघा. दहा मिनिटांत बऱ्याचदा ती लाट आपोआप खाली येते. मग वीस मिनिटं. आणि पांडवलेणी परत सुरू करा, पण डॉक्टरांना विचारून, पहिल्या रविवारी पायथ्याशीच, चहा पिऊन परत. पुढच्या रविवारी अर्ध्या पायऱ्या. चढताना धडधडेल, भीती वाटेल, वाटू दे, भीती घेऊनच चढा. भीती गेल्यावर चढेन म्हणाल तर ती जाणारच नाही.

हे एकट्याने जमलं नाही तर त्यात तुमचा दोष नाही. यासाठी सीबीटी नावाची बोलून करायची उपचारपद्धत आहे, विचारांची आणि सवयींची गाठ सोडवायची, हेल्थ अँग्झायटीवर ती चांगली चालते, साधारण आठवड्याला एक अशा दहाबारा भेटी धरून चाला. गरज वाटली तर सायकिॲट्रिस्ट गोळ्याही देतात, एसएसआरआय गटातल्या, त्या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांची चटक लागत नाही, पण फरक कळायला चारसहा आठवडे जातात आणि पहिल्या आठवड्यात कधीकधी अस्वस्थपणा उलट थोडा वाढतो, तेवढं सांभाळायचं, आणि स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. आणि रात्री अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, २०२२ साली सुरू झाली, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फक्त तिथे फोन करून मला अटॅक तर नाही ना असं विचारू नका, मला भीती वाटतेय असं सांगा.

प्रश्न : ताई, मुलगी २१ वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगला. दोन वर्षांपूर्वी तिची आत्या कॅन्सरने गेली. आता मुलीला सतत वाटतं तिच्या मानेत गाठ आहे. दिवसातून वीस वेळा, आई हात लावून बघ ना, कालच्यापेक्षा मोठी झालीये का. रात्री मला टॉर्च घेऊन तिचा घसा बघायला लावते. दोन डॉक्टरांनी बघितलं, सोनोग्राफी झाली, काही नाही म्हणाले. मी नाही बघितलं तर रडते, बघितलं तर दहा मिनिटं शांत होते. मी काय करू, माझीच आता झोप उडालीये.

उत्तर : ताई, टॉर्च हातात घेऊन उभ्या असलेल्या तुम्ही मला डोळ्यासमोर दिसल्यात. आईने नाही बघायचं तर कोणी बघायचं, असंच वाटणार ना.

पण त्या दहा मिनिटांतच सगळं आहे. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या दोघांनी हे नीट मांडलं की आजाराची धास्ती असलेल्या माणसाला वारंवार दिलेला दिलासा हाच त्या धास्तीला जिवंत ठेवतो. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही हात लावून काही नाही गं म्हणता, तिची भीती क्षणभर उतरते, आणि तिचं मन शिकतं की भीती उतरवायची असेल तर आईला विचारायचं. स्वतःची स्वतः उतरते हे शिकायची वेळच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यात तर हा त्रास ओसीडीच्या, म्हणजे तोच विचार सारखा येऊन तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या कुटुंबातच धरलाय, आणि तुम्हाला सारखं कुलूप ओढून बघणारी माणसं माहिती असतील, तसंच आहे हे. कुलूप मानेत आहे एवढंच.

शिवाय एक साधी गोष्ट. बारीक, तरुण मुलींच्या मानेत छोट्या लसिकाग्रंथी हाताला लागतातच, तुमच्याही लागतील. आणि एकाच जागी दिवसातून वीसदा दाबत राहिलं तर ती जागा दुखणार, हुळहुळी होणार, मग ती म्हणणार बघ आता दुखायला पण लागलं. त्या दुखण्याचं कारण तिचीच बोटं आहेत.

म्हणून हळूहळू थांबवायचं, पण तिला सांगून, तिच्याशी ठरवून. रात्री अकरा वाजता ती रडत असताना अचानक मी आता बघणार नाही असं करू नका, तो तिला विश्वासघात वाटेल. रविवारी सकाळी पोहे खाताना, ती शांत असताना बोला. सांगा की मी तुला बघून देते त्यानेच हे वाढतंय असं मला कळलंय, आपण दोघी मिळून कमी करू. या आठवड्यात दिवसातून पाचदा, पुढच्या आठवड्यात दोनदा, टॉर्च मात्र कपाटात. आणि ती विचारेल तेव्हा म्हणायचं काय हेही आधीच ठरवा, असं काहीतरी, की बाळा तू घाबरलीयेस हे मला कळतंय, गाठीबद्दल मी काही बोलणार नाही पण तुझ्याजवळ बसते. आणि खरंच बसा. हात मानेला लावायचा नाही, हातात हात घ्या.

पहिले काही दिवस ती जास्त विचारेल, चिडेल, तुला माझी पर्वाच नाही म्हणेल. ते ऐकणं फार कठीण आहे, पण तेव्हा माघार घेतली तर जोर लावला की आई बघते एवढंच तिला कळेल. आणि आत्याचं नाव घरात कुणी घेत नाही असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. घ्या ना. आत्या कशी हसायची, काय करायची ते बोला. आता आजाराशिवाय आत्याबद्दल काही बोललंच जात नाही.

तिला कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तिथे तुम्हीही बसा, कारण टॉर्च तुमच्या हातात आहे. अभ्यास मागे पडला असेल, जेवण सुटलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी.

प्रश्न : वय ६३, निवृत्त, कोल्हापूर. दर तीन महिन्यांनी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करतो, ऑफर असते. दरवेळी एखादा आकडा लाल अक्षरात येतो आणि मग माझे पंधरा दिवस वाईट जातात. मुलगा म्हणतो बंद करा. काळजी घेणं चूक आहे का?

उत्तर : काका, काळजी घेणं चूक नाही, पण त्या लाल अक्षरांचं गणित एकदा समजून घ्या. लॅबच्या रिपोर्टमध्ये जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक तिच्यात बसतील. म्हणजे पूर्ण ठणठणीत असलेले पाच टक्के लोकही बाहेर पडणारच. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या केल्या तर निरोगी माणसाचीसुद्धा निदान एक तरी लाल यायची शक्यता साधारण ६४ टक्के निघते. तुमच्या पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर तपासण्या आहेत. लाल नाही आलं तरच नवल.

साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, आणि तुमच्या वयाला लागतील त्या तपासण्या तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या, किती महिन्यांनी तेही त्यांनाच ठरवू द्या. ऑफर लॅबला परवडते म्हणून असते. रिपोर्ट आला की पाकीट न उघडता तसंच डॉक्टरांकडे न्यायचं, आणि मोबाईलवर पीडीएफ येत असेल तर मुलाच्या नंबरवर मागवा. मुलाचं बरोबर आहे.

प्रश्न : मी २४, एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. चार महिन्यांपूर्वी रात्री मेसवरून येताना एक कुत्रं पायाला घासून गेलं, जीन्सला ओलं लागलं. चावलं नव्हतं. तरी मी रेबीजचे पाच इंजेक्शन घेतले. दोन महिन्यांनी परत एक कुत्रं जवळून गेलं, परत घ्यायला गेलो तर डॉक्टर नाही म्हणाले, दुसरीकडे जाऊन घेतलं. आता दिवसभर पाणी पिऊन बघतो की गिळता येतंय का, आणि कधीकधी घशात अडकतं. रूममेटला सांगितलं तर हसला. पूर्व परीक्षा तोंडावर आहे, एक पान वाचून होत नाही. खरंच सांगा मला रेबीज झाला असेल का?

उत्तर : हसण्यासारखं काही नाहीये यात. तुझ्यासारखी चिकार पोरं आहेत, रेबीजची बातमी वाचली, एक व्हिडिओ बघितला आणि धास्ती बसली, आणि आपल्याकडे रस्त्यावर कुत्री आहेत आणि रेबीज हा खरोखर जीवघेणा आजार आहे, त्यामुळे या भीतीला पाय ठेवायला जागा मिळते.

आधी सगळ्यांसाठी सांगते, कारण याबाबतीत गैरसमज झालेला चालणार नाही. कुत्रं चावलं, दात लागला, रक्त न येता नुसता ओरखडा गेला, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. हळद, चुना, मिरची काही लावत बसायचं नाही. चाव्यातून किंवा ओरखड्यातून रक्त आलं असेल किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शनही द्यावं लागतं, तेही विचारायचं. पण धड कातडीला कुत्र्याने चाटलं किंवा हात लागला तर लस लागत नाही. तुझ्या तर जीन्सला लागलं होतं.

आणि तू त्यावर पूर्ण कोर्स घेतलास. कोर्स पूर्ण झालेल्या माणसाला नंतर खरोखर चावा झाला तरी डॉक्टर साधारण फक्त दोन डोस देतात, पहिल्या दिवशी आणि मग तीन दिवसांनी. दुसऱ्या दवाखान्यात जाऊन तू जे घेतलंस ते रेबीजवर नव्हतं, भीतीवर होतं, आणि भीतीवर ती लस चालत नाही हे तूच अनुभवलंस.

आता घशाचं. हे वाचता वाचता एक कर, पाणी न पिता पाच वेळा लागोपाठ आवंढा गिळ. चौथा पाचवा जातच नाही. कुणाचाच जात नाही, मी आत्ता लिहिताना करून बघितलं. तू दिवसातून पन्नासदा गिळून बघतोयस, वर घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि घसा आवळतो, मग अडकल्यासारखं होणार नाही तर काय. ते पाणी पिऊन बघणं हीच तुझी तपासणी झालीये. तेव्हा पाणी तहान लागल्यावर आणि जेवताना. बघण्यासाठी नाही.

तू शेवटी विचारलंयस की मला रेबीज झाला असेल का. मी वर जे सांगायचं ते एकदा सांगितलंय, परत सांगणार नाही, आणि तूही हा अंक उघडून तेवढाच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचू नकोस. मी तिशीत असताना जवळजवळ सात महिने माझ्या जिभेवरच्या एका ठिपक्यासाठी आरशासमोर उभी राहायचे, ऑफिसच्या बाथरूममध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर सुद्धा, म्हणून हे कळतं रे. मला ज्या बाईंनी बरं केलं त्यांनी ठिपक्याबद्दल एकदाच उत्तर दिलं होतं आणि नंतर कितीही विचारलं तरी दिलं नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

पुण्यात आहेस, ससूनला मानसोपचार विभाग आहे, ओपीडीत जा, परीक्षा झाल्यावर बघू असं करू नकोस कारण हे असंच ठेवून तू परीक्षेला बसणार कसा. घरी गावाला सांगायचं का हे तू ठरव, पण एका माणसाला तरी सांग. रूममेट हसला म्हणजे त्याला कळलं नाही, त्याला हे पान दे.

प्रश्न : ताई, माझं उलटं आहे. वय ५४, चिपळूण. पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि आता दोन महिने अधूनमधून डाग दिसतो. मोबाईलवर वाचलं आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांच्या नावानेच हातपाय गार पडतात. आमच्या नात्यात एकीला तपासायला गेल्यावरच कळलं आणि मग सहा महिन्यांत ती गेली. न कळलेलंच बरं असं वाटतं. देवाला नवस बोललेय.

उत्तर : ताई, तुमचं उलटं नाहीये. वरच्या सगळ्यांना तीच भीती आहे, ते भीतीपोटी पन्नासदा जातात आणि तुम्ही एकदाही जात नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं तुमच्या मनाने दोन महिन्यांत सगळं ठरवूनही टाकलंय, तपासल्याशिवाय.

तुम्हाला मी बाकी काही समजावत बसणार नाही. पाळी पूर्ण गेल्यानंतर डाग दिसला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच असतं, एकदाच दिसला तरी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, आतलं अस्तर पातळ झालेलं असतं, छोटा पॉलिप असतो. आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असलाच तर तो याच डागामुळे लवकर सापडतो, आणि लवकर सापडलेला बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. सोनोग्राफी करतील, लागलं तर आतला छोटा तुकडा तपासायला घेतील. नात्यातल्या त्या तपासायला गेल्या म्हणून गेल्या नाहीत हो, आजार आधीच वाढलेला असणार.

नवस राहू दे, तो मोडू नका. पण डॉक्टरांकडे जायचंय या आठवड्यात. एकट्या जाऊ नका. जाऊबाई, बहीण, सून, शेजारीण, जिच्यासमोर रडता येईल तिला आज संध्याकाळी सांगा, सगळं सांगायला जमलं नाही तर हे पान तिच्या हातात द्या आणि या प्रश्नावर बोट ठेवा. अपॉइंटमेंटचा फोन तिला करू दे. सकाळची पहिली वेळ मागा म्हणजे बाहेर बाकावर बसून जीव टांगणीला लागणार नाही. हातपाय गार पडले तर पडू देत, गार पायांनीही रिक्षात बसता येतं. आत गेल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी फार घाबरलेय आणि दोन महिने हे लपवलंय.

आणि जाऊन आलात की मला पोस्टकार्डावर एक ओळ टाका. रिपोर्टचं नाही लिहिलंत तरी चालेल, कुठल्या वारी गेलात आणि बरोबर कोण होतं, तेवढंच लिहा.